खान्देशातल्या जड पाण्यावर ट्यूबवाला सोलर हीटर: 200 लिटर मॉडेलचं परीक्षण

58 मिलिमीटर व्यासाच्या आणि 1800 मिलिमीटर लांब काचेच्या ट्यूबांचा 200 लिटरचा हीटर जळगाव-धुळ्याकडच्या गच्च्यांवर सर्रास दिसतो. पाणी तापवण्यात तो उत्तम आहे. धुळ्यात थंडीच्या लाटेत पारा 10 अंशांखाली जातो, तरी आदल्या दिवशी स्वच्छ ऊन पडलं असेल तर चार-पाच जणांच्या आंघोळी आरामात होतात. 100 लिटर पाणी 35 अंशांनी तापवायला साधारण 4 युनिट वीज लागते. म्हणजे भरल्या टाकीमागे 8 युनिट वाचतात.

इतकं चांगलं यंत्र आपल्याकडे लवकर खराब होतं ते बोअरच्या जड, म्हणजे चुन्याचे क्षार जास्त असलेल्या पाण्यामुळे. पाणी 60 अंशांच्या वर तापलं की त्यातला चुना झपाट्याने सुटतो, ट्यूबच्या तळाशी पांढरा चुरा बसतो आणि एअर पाइपाचं, म्हणजे टाकीत हवा ये-जा करू देणाऱ्या उभ्या नळीचं, तोंड हळूहळू बुजतं. सगळ्यात मोठा धोका याच पाइपात आहे. तो बुजलेला असताना गार पाण्याचा पुरवठा संपला आणि खाली गरम नळ चालू राहिला, तर हवा आत येत नाही आणि आतल्या टाकीचा पातळ पत्रा चेपतो. वेल्डिंग उकललं की पाणी पफमध्ये, म्हणजे टाकीभोवतीच्या उष्णतारोधक फोममध्ये, मुरतं. ती टाकी मग बदलावीच लागते.

विक्रेते टीडीएस मीटर बुडवून आकडा दाखवतात. त्यावरून पाण्यात एकूण क्षार किती ते कळतं, जडपणा कळत नाही. जडपणासाठी थेंब टाकून रंग बदलणारं किट वापरा. जडपणा 300 पीपीएमच्या (लिटरमागे मिलिग्रॅम) वर असेल तर दरवर्षी सफाई धरूनच चाला. पाणी चवीला खारट असेल तर 304 प्रकारच्या स्टेनलेस स्टीलची टाकी घेऊ नका, क्लोराइड वेल्डिंगच्या सांध्यालाच भोकं पाडतं. तिथे ग्लासलाइन्ड, म्हणजे आतून काचेचा लेप दिलेली टाकी महाग असली तरी योग्य. तिच्यातला, टाकीऐवजी स्वतः गंजून झिजणारा मॅग्नेशियम रॉड मात्र वर्षातून एकदा काढून पाहायचा, झिजून काडी झाला असेल तर बदलायचा.

तांब्याच्या नळ्यांचा फ्लॅट प्लेट हीटर टिकाऊ असतो, पण जड पाण्यात त्याच्या बारीक नळ्या आतून भरतात आणि त्या घरी साफ करता येत नाहीत. हीट एक्स्चेंजर, म्हणजे बोअरचं पाणी नळ्यांत न जाऊ देता उष्णता देणारी वेगळी जोडणी, नसेल तर बोअरवर तो नकोच. ट्यूबवाल्यात निदान ट्यूब बाहेर काढता येते.

सफाई दिवाळीनंतर, थंडी पडायच्या आधी करावी. संध्याकाळी पुरवठा बंद करून टाकी रिकामी करा. रबर रिंगला साबणाचं पाणी लावून ट्यूब फिरवत ओढा. लिटरला 50 ग्रॅम सायट्रिक ॲसिडचं पाणी ट्यूबमध्ये दोन-तीन तास ठेवा आणि मग धुवा. रिंग कडक झाली असेल तर नवी घाला. टाकी सूर्योदयाआधी भरा, कारण दुपारी तापलेल्या रिकाम्या ट्यूबमध्ये गार पाणी गेलं की काच तडकते. ट्यूबच्या टोकाचा चंदेरी भाग पांढरा पडला असेल तर काचेच्या दोन थरांमधला व्हॅक्यूम (निर्वात पोकळी) गेला, ती ट्यूब आता पाणी तापवत नाही.

मार्च ते जून अर्ध्याहून जास्त ट्यूबा ताडपत्रीने झाका. तेव्हा गच्चीवरच्या साध्या टाकीचंच पाणी चटका देतं, आणि न वापरलेलं पाणी रोज उकळत राहिलं की चुना दुप्पट जोमाने बसतो. हे फुकटचं काम आहे, तरी फार थोडी घरं करतात.

जोडणीत गार पाण्याच्या टाकीचा तळ हीटरच्या टाकीपेक्षा उंच हवा आणि एअर पाइप गार टाकीच्या काठाच्याही वर जायला हवा, नाहीतर त्यातून पाणी वाहत राहतं. गरम लाइन सीपीव्हीसीचीच, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या पीव्हीसीची, साधा पीव्हीसी मऊ पडून वाकतो. स्टँडचं तोंड दक्षिणेला ठेवा. आपण साधारण 21 अक्षांशावर आहोत, त्यामुळे हिवाळ्याच्या उन्हासाठी 30 ते 35 अंश कल चांगला.

छतावर वीज बनवणारं पॅनल असताना हा हीटर कशाला, असं बरेच जण विचारतात. पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटला 78,000 रुपये अनुदान आहे, आणि तेवढ्या पॅनलवर दिवसाला सरासरी 12 युनिट मिळतात. त्यातले 8 गीझरने खाल्ले तर पंखे, कूलर, फ्रिजला उरतं काय? गच्चीवर जागा असेल तर दोन्ही बसवा, फक्त टाकीची सावली पॅनलवर पडू देऊ नका. हीटर घेताना बिलावर टाकीच्या पत्र्याचा प्रकार आणि जाडी लिहून घ्या, आणि जड पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत बसतं का, ते पैसे देण्याआधी लेखी विचारा.