आम्लाचा रेणू पाण्यात फुटताना संगणकावर पाहायचाय? तीन वाटा आणि माझी पसंती

पावसाळ्यात आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली उघडली की तोंडाशी पांढरा धूर दाटतो. हवेत बाष्प जितकं जास्त, तितका तो दाट. हायड्रोजन क्लोराइड हा वायू रंगहीन असतो. आपल्याला दिसतात ते हवेतल्या पाण्याशी त्याची गाठ पडून झालेले आम्लाचे बारीक थेंब. ते पाहताना माझ्या मनात दरवेळी एकच प्रश्न येतो: पाण्याचे नेमके किती रेणू जमले म्हणजे एचसीएलमधला (हायड्रोजन क्लोराइडमधला) प्रोटॉन क्लोरीनला सोडून पाण्याकडे जातो?

डिचोलीहून येणाऱ्या एमएस्सीच्या एका मुलीने यंदा हाच विषय प्रबंधासाठी घेतला आणि विचारलं, "मॅडम, पीसीएममध्ये करू, क्लस्टर घेऊ, की सरळ एमडी चालवू?" म्हणजे पाणी सलग माध्यम मानू, त्याचे मोजके रेणू घेऊ, की रेणूंची हालचालच पावलापावलाने चालवू. तिला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते आहे. हाताशी एक बरा डेस्कटॉप आणि चारेक महिने असलेल्या कुणालाही ते उपयोगी पडावं.

आधी प्रश्नाचं वजन लक्षात घ्या. वायुरूपात एकटा एचसीएल आणि पाण्याचा एकच रेणू घेतला आणि प्रोटॉन एकाकडून काढून दुसऱ्याला देत दोन्ही आयन लांब नेले, तर मोलमागे सुमारे ७०० किलोज्यूल मोजावे लागतात. क्लोराइड आयनाची प्रोटॉनओढ, म्हणजे प्रोटॉन जोडला की सुटणारी ऊर्जा, १३९५ किलोज्यूल, पाण्याची ६९१. बाटलीभर पाण्यात मात्र हेच काम आपोआप होतं. ही सगळी तफावत आजूबाजूचं पाणी भरून काढतं, म्हणून पाणी गणितात कसं आणायचं हाच निवडीचा खरा मुद्दा आहे.

पहिली वाट सर्वांत स्वस्त: पाणी रेणूंच्या रूपात आणायचंच नाही. रेणूभोवती एक पोकळी कल्पायची आणि पोकळीबाहेर ७८.४ परावैद्युतांकाचं, म्हणजे पाण्याइतकंच विद्युतबल मंदावणारं, सलग माध्यम मानायचं. या जातीचं पीसीएम हे प्रारूप १९८१ पासून वापरात आहे, एसएमडी २००९ मध्ये आलं. गणित काही मिनिटांत उरकतं. पण एकटा एचसीएल त्यात ठेवून संरचना काढली तर बंध थोडासा लांबतो आणि तिथेच थांबतो. तुटणार कसा? प्रोटॉन घ्यायला समोर ऑक्सिजनच नाही. या वाटेने आयनीभवन दिसत नाही, फार तर ऊर्जाचक्र मांडून पीकेए, म्हणजे आम्ल किती प्रबळ ते सांगणारा अंक, काढता येतो. त्यासाठी प्रोटॉनची जलयोजन ऊर्जा, मोलमागे उणे २६५.९ किलोकॅलरी, प्रयोगातून उसनी घ्यावी लागते. शिवाय २५ अंश सेल्सिअसला पीकेएचा एक अंक म्हणजे फक्त १.३६ किलोकॅलरी. गणितात तीन किलोकॅलरींची चूक झाली, आणि ती सहज होते, की पीकेए दोन अंकांनी हुकला. त्यात प्रबळ आम्लांची पंचाईत अशी की पाण्यात ती सगळी सारखीच पूर्ण फुटतात, त्यामुळे पाण्यात त्यांचा पीकेए थेट मोजता येत नाही. तुमचं उत्तर पडताळायचं कशाशी? कोकमातल्या किंवा चिंचेतल्या दुर्बळ आम्लांसाठी ही पद्धत मी आनंदाने सुचवेन. या प्रश्नासाठी नाही.

दुसरी वाट क्लस्टरची, आणि माझा कल तिकडेच आहे. एचसीएलचा एक रेणू घ्यायचा आणि पाण्याचे रेणू एकेक करून वाढवत जायचे. एक, दोन, तीन पाण्यांपर्यंत स्थिर रचना हायड्रोजनबंधाच्याच राहतात. एच आणि सीएलमधलं अंतर मूळच्या १.२७ अँगस्ट्रॉमपासून थोडं थोडं वाढतं, प्रोटॉन मात्र क्लोरीनचाच असतो. चौथं पाणी आलं की चित्र पालटतं. एका बाजूला हायड्रोनियम, म्हणजे प्रोटॉन घेतलेलं पाणी, त्याच्या तीन हायड्रोजनांना धरून तीन पाणी, आणि त्या तिन्ही पाण्यांचा एकेक हायड्रोजन दुसऱ्या टोकाच्या क्लोराइडकडे वळलेला. प्लास्टिकच्या गोळ्या-काड्यांनी हे एकदा हाताने जोडून बघा. तीन पायांच्या तिवईसारखी रचना होते, आणि आयन एकमेकांना भिडत का नाहीत ते बोटांना कळतं.

इथे माझा स्वतःचा एक आठवडा गेला होता. मी चार पाणी आणि एचसीएल अशी पाच जणांची कडी करून गणित चालवलं. काही केल्या आम्ल फुटेना. इनपुट तपासलं, बेसिस सेट (इलेक्ट्रॉनांचं वर्णन करणारा फलनांचा संच) बदलला, सगळं पुन्हा केलं. शेवटी हायड्रोनियम वर ठेवून तिवईपासून सुरुवात केली, तर रचना तिथेच स्थिरावली आणि तिची ऊर्जाही कडीपेक्षा खाली आली. दोन्ही रचना खऱ्या आहेत, मध्ये टेकडी आहे, आणि संगणक तुम्ही ठेवलेल्या जागेवरून फक्त जवळच्या दरीत उतरतो. मग कळलं की निसर्गातही असंच घडतं. जर्मनीत बोखुमला मार्टिना हाफेनिथ आणि डॉमिनिक मार्क्स यांच्या गटांनी हीलियमच्या सूक्ष्म थेंबांत, १ केल्विनहूनही कमी तापमानाला, एचसीएलभोवती चार पाणी जमल्यावर आम्ल फुटतं असं २००९ मध्ये मांडलं. त्यावर वाद झाले. २०१९ मध्ये त्याच प्रवाहातल्या कामातून दिसलं की एचसीएलला पाणी एकेक करून दिलं तर हायड्रोनियम तयार होतो आणि अवरक्त वर्णपटात १३३७ प्रतिसेंटिमीटरला त्याची खूण उमटते. पाण्याचा समूह आधी बांधून मग त्यात एचसीएल सोडला तर काहीच होत नाही. म्हणजे संख्येइतकाच क्रमही महत्त्वाचा. हे वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला होता, आणि अजूनही वर्गात सांगताना होतो.

क्लस्टरच्या वाटेवर काही पथ्यं पाळावीच लागतात. क्लोराइड आयन ऋणभारित असल्याने बेसिस सेटमध्ये डिफ्यूज फंक्शन, म्हणजे केंद्रकापासून दूर पसरलेली फलनं, हवीतच. ती वगळली तर क्लोराइड अकारण महाग पडतो आणि निष्कर्षच उलटू शकतो. बी३एलवायपी ही नेहमीची गणितपद्धत घेतली तर डी३ ही परिक्षेपणाची (रेणूंमधल्या क्षीण ओढीची) दुरुस्ती जोडा. शून्यबिंदू ऊर्जा (निरपेक्ष शून्यालाही उरणारी कंपनऊर्जा) धरल्याशिवाय दोन रचनांची तुलना करू नका, कारण कडी आणि तिवईतला फरक थोडकाच आहे आणि प्रोटॉनसारख्या हलक्या कणाची कंपनऊर्जा तो कमीजास्त करते. कंपनवारंवारतांत काल्पनिक संख्या आली तर ती रचना दरीतली नाही, टेकडीवरची आहे. शेवटी निवडक रचनांची ऊर्जा एमपी२ या अधिक महाग पद्धतीने तपासा. रेणूसमूह दुप्पट झाला की एमपी२चा खर्च सुमारे ३२ पट होतो आणि त्याहून काटेकोर सीसीएसडी(टी)चा १२८ पट, म्हणून ते शेवटच्या दोन-चार रचनांपुरतंच राखून ठेवा. सुरुवातीच्या ढोबळ रचना शोधायला एक्सटीबी ही झटपट पद्धत चांगली आहे, उत्तर म्हणून नाही. ही गणितं करणारं ओर्का सॉफ्टवेअर शैक्षणिक वापराला मोफत आहे. गॉसियन या दुसऱ्या सॉफ्टवेअरचा परवाना असेल तर उत्तम, नसेल तर अडत नाही.

तिसरी वाट अॅब इनिशिओ एमडी, म्हणजे पुंजगणितावर चालणारी रेणूंची हालचाल. एका चौकोनी पेटीत चौसष्ट पाणी, त्यात एचसीएल, आणि दर पावलाला इलेक्ट्रॉनांचं गणित नव्याने. १९८५ मध्ये कार आणि पॅरिनेलो यांनी याची दारं उघडली. इथे प्रोटॉन नुसता सुटत नाही, तो पाण्यापाण्यातून पुढे सरकताना दिसतो. ग्रोथसने १८०६ मध्ये ज्या हस्तांतराची कल्पना मांडली तेच पडद्यावर हलताना पाहायला मिळतं: कधी तीन पाण्यांनी वेढलेला हायड्रोनियम, म्हणजे आयगेन रूप, तर कधी दोन पाण्यांमध्ये वाटून घेतलेला प्रोटॉन, म्हणजे झुंडेल रूप. तापमान, एन्ट्रॉपी, खरं द्रव पाणी, सगळं यात येतं. क्लस्टरला हे जमत नाही, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं.

पण हिशेब करा. पाऊल अर्ध्या फेम्टोसेकंदाचं. २० पिकोसेकंदांसाठी ४०,००० पावलं. डेस्कटॉपवर एका पावलाला एक मिनिट धरलं तरी जवळजवळ २८ दिवस अखंड. आणि गोव्यात जुलैत अखंड काय चालतं? माझं एक गणित बाराव्या दिवशी रात्री लाईट गेली तेव्हा बंद पडलं. रिस्टार्ट फाइल मी फार विरळ लिहायला लावली होती, त्यामुळे पाच दिवसांचं काम वाया गेलं. एमडीचं सीपी२के हे सॉफ्टवेअर वापरणार असाल तर दर शंभर पावलांना फाइल लिहा आणि यूपीएसशिवाय सुरुवात करू नका. बीएलवायपीसारख्या स्वस्त फंक्शनलमध्ये प्रोटॉन गरजेपेक्षा सैल होतो हेही ध्यानात असू द्या. प्रोटॉनचं पुंजस्वरूप धरायचं तर पाथ इंटिग्रल ही पद्धत हवी, आणि खर्च आणखी कैक पट. मोठ्या संगणकावर वेळ मिळणार असेल, मार्गदर्शक या कामात मुरलेले असतील आणि प्रश्न "फुटल्यावर प्रोटॉन कुठे जातो" हा असेल, तर हीच वाट धरा. प्रश्न "किती पाणी लागतं" हा असेल तर चार महिन्यांत पदरी अर्धवट ट्रॅजेक्टरी (हालचालीची नोंद) पडेल.

आम्ल कोणतं घ्यावं? पहिल्या प्रबंधाला एचसीएलच. सल्फ्युरिकमध्ये दोन प्रोटॉन, आणि ओएच गट इतक्या दिशांनी वळतात की रचना मोजतानाच महिना जातो. एचआयमध्ये (हायड्रोजन आयोडाइड) आयोडीनच्या आतल्या इलेक्ट्रॉनांऐवजी प्रभावी गाभा-विभव वापरावं लागतं, ते दुसऱ्या टप्प्यात. सोबत एचएफ (हायड्रोजन फ्लोराइड) मात्र जरूर घ्या. त्याचा पीकेए ३.१७, बंध ५७० किलोज्यूलचा, एचसीएलचा ४३२. त्याच चार पाण्यांत एचएफ फुटत नाही. तुमच्या गणितात तो फुटला तर पद्धतीत खोट आहे, आणि हे पहिल्या पंधरवड्यातच कळलेलं बरं.

डिचोलीच्या मुलीने क्लस्टर निवडले. गेल्या आठवड्यात तिचा तीन पाण्यांचा समूह पूर्ण झाला. बंध ताणला आहे, तुटलेला नाही. चौथं पाणी कुठे ठेवायचं यासाठी तिने वहीत अकरा जागा काढून आणल्या होत्या. त्यांतल्या चार आम्ही दोघींनी मिळून खोडल्या, उरलेल्या सात आज रात्री चालतील.