बाहेरची लाकडाची भट्टी, सोलर की गॅस? घर आणि मांगर दोन्ही असलेल्यांसाठी

कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत घरामागे पानाच्या टपरीएवढी लोखंडी भट्टी दिसते. आत ओंडके जळतात, भोवती पाण्याचं कवच असतं आणि ते तापलेलं पाणी जमिनीखालच्या नळांतून घरात, शेजारच्या कोठारात फिरत राहतं. जाळ बाहेर, ऊब आत. माझ्या मावसभावाने हे कुठेतरी पाहिलं आणि फोन केला, "दादा, आपल्याकडे बसेल काय हे?"

कोकणात, गुहागरकडच्या आगरात (माड-पोफळींच्या बागेत), घर तापवायचं म्हटलं तर लोक हसतील. जानेवारीतल्या रात्री गोधडी पुरते. पण नीट पाहिलं तर ही भट्टी म्हणजे आपल्या न्हाणीघरातला तांब्याचा बंबच, फक्त मोठा करून अंगणात नेऊन ठेवलेला. आणि गरम पाणी आपल्यालाही लागतं: घरच्यांना, पाहुण्यांच्या खोल्यांना, आणि मागच्या मांगरात, म्हणजे आपल्या कोठारात, ऐन पावसात माल सुकवायला. माझ्याकडे अशी भट्टी तीन पावसाळे चालली आहे. तरीही मावसभावाला मी ती घेऊ नको म्हणालो. त्याचं कारण हिशेबात आहे.

एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते आणि ८६० किलोकॅलरी म्हणजे विजेचं एक युनिट. घरचे आणि पाहुणे मिळून दहा माणसं धरा, माणशी ३० लिटर. ३०० लिटर पाणी २० अंशांनी चढवायचं तर ६,००० किलोकॅलरी, म्हणजे सात युनिट. बस्स, एवढंच. सात युनिटांसाठी अंगणात भट्टी उभारणं म्हणजे चहाच्या कपासाठी चुलवण पेटवणं.

आता मांगर. जायफळ उकलतं तेच मुळी जून ते ऑगस्टच्या दरम्यान, जेव्हा उन्हाचं नावसुद्धा नसतं. रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या नारळ संशोधन केंद्राने माडांच्या बागेत मसाल्याची झाडं लावायची 'लाखी बाग' लोकप्रिय केली, दापोलीच्या विद्यापीठाने कोकण सुगंधा, कोकण स्वाद अशा जायफळाच्या जाती दिल्या. झाडं वाढली, फळं आली, पण सुकवायचं कुठे हा प्रश्न ज्याच्या त्याच्या पडवीत पडून राहिला. जायफळावरची ओली जायपत्री दोन दिवस तशीच राहिली की लालभडक रंग मळतो आणि कुबट वास धरतो. उशिरा उतरलेल्या रातांब्यांच्या (कोकमाच्या फळांच्या) सालींचंही तेच.

एक किलो पाण्याची वाफ करायला निदान पाऊण युनिटाच्या आसपास उष्णता लागते. पावसाळी दमट हवेत, साध्या खोलीत, दारं-फटींतून जाणारं धरलं तर मी किलोला दोन युनिट धरतो. शेजाऱ्यांचा माल धरून आमच्याकडे भर हंगामात दिवसाला २० किलो पाणी उडवावं लागतं. म्हणजे ४० युनिट. आंघोळीचे सात, मांगराचे चाळीस. निर्णय मांगरावर होतो, न्हाणीवर नाही.

सोलरचं आधी उरकतो. ऑक्टोबर ते मे आंघोळीच्या पाण्यासाठी त्याला तोड नाही. इंधन फुकट, राबणूक नाही. पण आगरात राहणाऱ्यांनी एक दिवस सकाळी नऊ ते तीन छपराकडे बघत बसावं. माड-पोफळींच्या सावलीतून सलग चार तास ऊन मिळत नसेल तर विक्रेता काहीही सांगो, पाणी कोमटच येणार. शिवाय झावळ पडली की काचेच्या नळ्या गेल्या. खारा वारा स्टँड खातो, तेव्हा साध्या पत्र्याऐवजी स्टेनलेस मागा आणि बोल्टही स्टेनलेसचेच घ्या. आमच्या गावात एकाची टाकी शाबूत आणि बोल्ट गंजून स्टँडच कलंडलेलं मी पाहिलं आहे. जून ते सप्टेंबर सोलरचा उपयोग जवळपास शून्य, म्हणजे मांगराला तो मुळातच कामाचा नाही.

साधा विजेचा गीझर सोलरच्या जोडीला बरा. हीट पंप हा त्याचा हुशार भाऊ: हवेतली उष्णता ओढून पाण्यात घालतो, त्यामुळे एका युनिटात तीन युनिटांचं काम करतो, आणि आपली उबदार हवा त्याला मानवते. आंघोळीचे सात युनिट तो दोन-अडीच युनिटांत भागवेल. पण त्याच्या बाहेर बसवायच्या यंत्राच्या ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या समुद्राजवळ किती टिकतील याची लेखी हमी मागा. आणि वीज जाते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकलं, त्यानंतर दापोली-मंडणगडच्या गावांनी कित्येक दिवस अंधारात काढले. ज्या महिन्यात माल सुकवायचा, त्याच महिन्यात तारा तुटतात.

गॅस सोपा. किलोभर गॅसमधून जवळपास दहा युनिट पाण्यात उतरतात, तेव्हा आंघोळीपुरता १९ किलोचा सिलिंडर पंचवीस-सव्वीस दिवस जाईल. सुकवायला लावलात तर पाच दिवसांत रिकामा. गॅस गीझर बंद न्हाणीत कधीच लावू नका. त्या जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नसतो आणि आत गेलेलं माणूस बाहेर येत नाही. पाहुण्यांच्या खोल्यांसाठी तर हा विषय वादाचाच नाही, गीझर बाहेरच्या भिंतीवर.

उरली भट्टी. सुकं लाकूड किलोला चारेक युनिट उष्णता देतं, त्यातली निम्मी पाण्यात उतरली तरी नशीब. म्हणजे भर हंगामात दिवसाला पंचवीस किलो लाकूड. साठ दिवसांचा हंगाम धरला तर दीड टन, तेही खडखडीत सुकलेलं, आगोटीच्या, म्हणजे पाऊस सुरू व्हायच्या, आधी खोपीत रचलेलं. ओलं लाकूड घातलंत तर अर्धा जाळ त्यातलंच पाणी उडवण्यात जातो आणि धुराड्यात डांबरासारखा काळा चिकटा बसतो.

लाकूड आणायचं कुठून? आंबा-काजूच्या छाटणीच्या फांद्या, नारळाची सोडणं, करवंट्या, झावळ्यांचे पिढे, वाऱ्याने पडलेलं सुरूचं झाड. आमचं यात भागतं. ज्याला उभी झाडं तोडावी लागणार, त्याने भट्टीचा नाद सोडावा. आंबा, फणस, ऐन, किंजळ, तिवर ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, परवानगीशिवाय हात लावता येत नाही. काजूच्या बियांची टरफलं मात्र फुकट मिळाली तरी घालू नका. त्यातल्या तेलाचा धूर डोळे जाळतो आणि लोखंडही खातो.

मग सरळ मांगरात चूल पेटवून माळ्यावर माल का नाही टाकायचा? आजोबा टाकायचेच. पण धुराचा वास जायपत्रीला चिकटला की व्यापारी नाकाजवळ धरतो आणि न घेता खाली ठेवतो. शिवाय चुलीची धग कधी ऐंशी अंश, कधी चाळीस. आम्ही जायपत्रीला ५० च्या वर जाऊ देत नाही. गरम पाणी जुन्या गाडीच्या रेडिएटरमधून फिरवायचं, मागे एक पंखा, पुढे जाळीचे ट्रे. पाणी ६५ असलं की हवा ४५-५० च्या घरात राहते, करपायची भीतीच नाही. भट्टीची खरी कमाई ही आहे. पंखा आणि पंप मिळून इन्व्हर्टरवर चालतात, तेव्हा तारा तुटल्या तरी अडत नाही.

पण परदेशी भट्टीची नक्कल करू नका. ती रात्रभर घर उबदार ठेवायला बनलेली असते. मागणी कमी झाली की हवा बंद करून ओंडके धुमसत ठेवते. धुमसणं म्हणजे धूर, आणि आपल्याकडे शेजाऱ्याचं घर वीस फुटांवर. इथे उलट करायचं: चूल लहान, टाकी मोठी. तासभर धडाडून जाळायचं, पाणी ७५ वर न्यायचं आणि जाळ संपवायचा. आमची टाकी ५०० लिटरची. ७५ वरून ५० वर येईपर्यंत ती साडेचौदा युनिट देते. म्हणून भर हंगामात दिवसातून तीनदा पेटवावी लागते: पहाटे, दुपारी आणि रात्री दहाला. झड लागलेली असताना डोक्यावर इरलं घेऊन रात्री दहाला कोण जाणार, याचं उत्तर घरात मिळत नसेल तर बाकीचा लेख वाचू नका.

माझी चूक सांगतो. पहिल्या वर्षी नळ जमिनीखालून नेले, पन्नास फूट, परदेशात नेतात तसे. कडेला फोमचं वेष्टण होतं. जुलैत मांगरात पाणी पोचेपर्यंत बारा-तेरा अंश उतरायचं. खणून पाहिलं तर चर पाण्याने तुडुंब आणि फोम भिजलेल्या पावासारखा लगदा. चिऱ्याची जमीन पावसात अशीच पाझरते. आता नळ वळचणीखालून, खांबांवरून, वर पत्र्याचं पन्हळ घालून नेले आहेत. पाणी आता वाटेत दोनच अंश उतरतं. नळ सीपीव्हीसीचे किंवा तांब्याचे घ्या, साधा पीव्हीसी वाकतो.

जागा निवडताना पावसाळी वारा नैऋत्येचा हे लक्षात ठेवा, म्हणजे भट्टी घराच्या ईशान्येला. टाकीला वरून उघडी नळी हवीच. कोंडलेलं उकळतं पाणी म्हणजे बॉम्ब. हंगाम संपला की राख त्याच दिवशी काढा, ती ओल धरते आणि तळ गंजवते. माडाच्या आळ्यात टाकली की तिचं चीज होतं.

मावसभावाकडे दोन खोल्या आहेत, जायफळाची झाडं चार, तीही अजून लहान. छपरावर मात्र सकाळपासून ऊन. त्याला २०० लिटरचा सोलर आणि पावसाळ्यासाठी प्रत्येक खोलीत १५ लिटरचा गीझर सांगितला. झाडं दहा-बारा वर्षांची होऊन जायपत्री घमेल्याने निघू लागली तर मांगराची गोष्ट पुन्हा काढू. तोवर त्याचे दोन ट्रे माझ्याकडे येतील, आणि येताना त्याने सोडणांचं एक पोतं आणायचं असं ठरलं आहे.