दोन वर्षांच्या मुलाच्या पाठीचा बाक: प्लास्टर की ब्रेस?

लहान मुलाच्या पाठीचा कणा एका बाजूला वाकलाय (स्कोलिओसिस) आणि हा बाक वाढतोय म्हटल्यावर आईबाबांसमोर हाच प्रश्न येतो. प्लास्टरचं जाकीट पूर्ण भूल देऊन घालतात आणि साधारण दर 2 ते 4 महिन्यांनी बदलतात. ब्रेस म्हणजे पट्ट्यांनी आवळायचं, काढता-घालता येणारं कडक जाकीट; त्याला भूल लागत नाही. पण तो दिवसातले 18 ते 23 तास अंगावर राहिला तरच उपयोग, आणि मूल वाढलं की नवा करावा लागतो.

खरा फरक गोव्याच्या दमट हवेत कळतो. प्लास्टर भिजता कामा नये, म्हणून ओल्या फडक्याने अंग पुसणं एवढंच. आत वाळू किंवा भाताची शितं गेली की कातडी सोलते. जेवताना गळ्याशी फडकं लावा, खाजवायला काडी घालू नका. वास किंवा ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पोट दाबलं जातं, म्हणून थोडं थोडं भरवा.

ब्रेस काढून आंघोळ घालता येते. आतला सुती बनियन मात्र घामाने भिजला की लगेच बदला. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, सहा-सात तरी हवेत. ब्रेस काढल्यावर अर्ध्या तासात लाली गेली नाही, तर तो बसवणाऱ्याला दाखवा. पट्टा कुठवर आवळायचा, तिथे पेनाने खूण करा, म्हणजे आजीलाही जमेल.

बाकाचं कारण सापडत नाही, मूल साधारण दोन वर्षांचं किंवा त्याहून लहान आहे आणि बाक वाढतोय, तर प्लास्टरच. याच वयात पाठ सरळ होण्याची शक्यता सर्वाधिक. भूल धोक्याची असेल, स्नायूंचा आजार असेल किंवा प्लास्टरने सुधारलेली पाठ टिकवायची असेल, तर ब्रेस.