एल-आर्जिनिन पावडर, 30 पुड्यांचा डबा: अटॅक येऊन गेलेल्या माणसाला देऊ नका (5 पैकी 1 तारा)

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जिभाऊंना अटॅक आला. जळगावला अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला. पंधरा दिवसांनी अमळनेरला भेटायला गेले, तर गोळ्यांशेजारी हा लाल डबा. भाच्याने काळजीपोटी ऑनलाइन मागवलेला. दर पुडीत 3 ग्रॅम आर्जिनिन (प्रथिनांतलं एक अमिनो आम्ल), डाळिंबाची चव, किंमत साडेआठशे. वर ठळक अक्षरात: ‘नायट्रिक ऑक्साइड वाढवा, रक्तवाहिन्या मोकळ्या करा.’

मी शिरपूरला फार्मसीच्या मुलांना हेच शिकवते. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरात ईएनओएस नावाचं एन्झाइम असतं. ते आर्जिनिनपासून नायट्रिक ऑक्साइड बनवतं आणि वाहिनीचा स्नायू सैल पडतो. नायट्रिक ऑक्साइडच्या या कामाच्या शोधासाठी फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना 1998 चं नोबेल मिळालं. इथवर डबा खरं बोलतो.

पण जिभाऊंना बारा वर्षांपासून शुगर, त्यात तीस वर्षांची बिडी. अशा अस्तरात एन्झाइमचा मदतनीस रेणू, बीएच4, कमी पडतो. मग तेच एन्झाइम नायट्रिक ऑक्साइड सोडून सुपरऑक्साइड हा घातक रेणू बनवायला लागतं. हे सुपरऑक्साइड आणि उरलेलं नायट्रिक ऑक्साइड एकत्र आले की पेरॉक्सिनायट्राइट हे आणखी एक घातक रसायन होतं आणि ते उरलंसुरलं बीएच4 सुद्धा खराब करतं. वाहिनीचं नुकसान असं वाढत जातं.

जिभाऊ म्हणाले, “इतलं नको सांगू बाई, पेऊ का नको?”

म्हटलं, “जिभाऊ, एक फेज गेलेला असताना मोटार चालवली तर काय होतं?”

“वाइंडिंग जळस.”

“मग विहिरीत पाणी वाढवून काय उपयोग?”

त्यांनी पुडी खाली ठेवली.

भाच्याला मात्र आकडे दाखवले. 2006 साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतली एक चाचणी छापून आली. नुकताच अटॅक येऊन गेलेले 153 रुग्ण, निम्म्यांना रोज तीन वेळा 3 ग्रॅम आर्जिनिन, म्हणजे याच पुडीएवढं. वाहिन्यांचा ताठरपणा कमी झाला नाही. आर्जिनिन घेणाऱ्यांत 6 जण दगावले, दुसऱ्या गटात एकही नाही. चाचणी थांबवावी लागली. पोराचा चेहरा उतरला. त्याचा काय दोष? डब्यावर याबद्दल एक अक्षर नाही. तळाशी बारीक इंग्रजीत ‘डॉक्टरांचा सल्ला घ्या’, बस. जिभाऊंच्या डॉक्टरांना फोन केला, त्यांनी तिथल्या तिथे बंद करायला सांगितलं.

वहिनींनी विचारलं, मग पालक, पोकळा चालेल का? चालेल. पालेभाजीतल्या नायट्रेटचा रस्ता वेगळा, तो तोंडातल्या जिवाणूंपासून सुरू होतो. या एन्झाइमवाचूनही नायट्रिक ऑक्साइड बनतं.

कंपनीला मेल केला. उत्तरात पुढच्या डब्यावर सूट देऊ केली. मला सूट नको. डब्याच्या दर्शनी बाजूला, मराठीत, मोठ्या अक्षरात एक ओळ हवी: अटॅक येऊन गेलेल्यांनी घेऊ नये.

11 पुड्या पोटात गेल्या होत्या. उरलेल्या 19 मी शिरपूरला घेऊन आले.