स्टेपनी बसली तिथेच कळायला हवं होतं

२,६०,००० रुपये. एवढ्याला गॅरेजवाल्याने मला फसवलं. घरी १,८०,००० सांगितलेत, तेव्हा ओळखीच्यांनी कृपया तोंड बंद ठेवावं.

गाडी २००५ ची ऑक्टाव्हिया आरएस, १.८ टर्बो, १५० हॉर्सपॉवर. पंधरा वर्षं उलटल्यावर आरसी रिन्यू केलेली, पर्यावरण कर भरलेला. एवढी जुनी गाडी कशाला ठेवता, असं विचारणाऱ्यांनी इथेच थांबावं. काम ठरलं ते असं: के०३ टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) काढून नवा, मोठा के०४, १,३५,०००. पुढच्या ब्रेकच्या २८८ मिमी डिस्कच्या जागी ३१२ मिमी, ब्रॅकेट आणि पॅडसकट ६२,०००. रिमॅप, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलणं, ३५,०००. मजुरी २८,०००. गॅरेज पिंपरी-चिंचवडकडचं, बाहेर चार-पाच जुन्या जर्मन गाड्या कायम उभ्या. आता वाटतं, त्या तिथून हलत का नव्हत्या?

१,८०,००० दोन दिवसांत यूपीआयने दिले, तेही मालकाच्या नव्हे, त्याच्या मेहुण्याच्या खात्यावर. उरलेले ८०,००० रोख. "बिल पाहिजे तर जीएसटी वेगळा पडेल, सर." मी नको म्हणालो. हो, म्हणालो. तुमच्यातल्या किती जणांनी गॅरेजमध्ये पक्कं बिल मागितलंय, हात वर करा.

नव्या टर्बोचा खोक्यातला फोटो व्हॉट्सअॅपवर आला. खोक्यातला फोटो म्हणजे पुरावा नव्हे. गाडीला बसवल्यानंतरचा, टर्बोवरची नंबरची पट्टी दिसेल असा फोटो मागा. के०४ चा नंबर ५३०४ ने सुरू होतो, के०३ चा ५३०३ ने. हे मला तेव्हाही माहीत होतं, म्हणून जास्त जळतं.

तीन आठवड्यांनी गाडी मिळाली. कॅलिपर, म्हणजे डिस्क आवळणारा ब्रेकचा भाग, लालभडक. ह्या गाडीत ३१२ च्या डिस्कला कॅलिपर जुनाच चालतो, म्हणून नुसता रंग बघून शंका येण्याचं कारण नव्हतं. आणि गाडी खेचत होती! तिसऱ्या गिअरमध्ये पाठ सीटला चिकटत होती. मी काही शेंबडं पोर नाही, सोळा वर्षं गाड्या चालवतोय.

मग शिरवळच्या अलीकडे पुढचं डावं चाक पंक्चर झालं. पंक्चरवाल्या पोऱ्याने डिकीतली स्टेपनी काढली, १५ इंची, स्टीलची, १९५/६५. चढवली, चार बोल्ट हाताने फिरवले, पाचवा लावला. मी शेजारी उभा राहून चहा पीत होतो. ३१२ मिमीच्या डिस्कवर १५ इंची चाक बसतच नाही! निदान १६ लागतं. इथे ते अंगठी बोटात जावी तसं गेलं, आणि मी त्या पोराला वर वीस रुपये जास्त दिले.

कळलं ते सव्वा महिन्याने. ताम्हिणी घाट उतरताना ब्रेकचं पेडल मऊ पडत पडत तळाला टेकलं. गाडीत आई होती. घरी आल्यावर चाक काढून टेप लावली: २८८. जुन्याच डिस्क, कडेची गंजाची धार तशीच, वर लाल रंगाचे शिंतोडे. दुसऱ्या मेकॅनिकने टर्बोची पट्टी पुसली: ५३०३. इंजिनाच्या कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर कंपनीचंच. मग खेच कुठून आली? टर्बोच्या दाबाच्या नळीत एक प्लास्टिकचा व्हॉल्व्ह अडकवलेला, फिश टँकच्या हवेच्या नळीला असतो तसला. वेस्टगेटला (टर्बोचा दाब मर्यादेत ठेवणारी झडप) कमी प्रेशर कळतं, टर्बो जास्त दाबतो, आणि आपण खूश. असा दाबला की जुना के०३ कधीही जातो.

मालक म्हणाला, "तुम्ही कुठे तरी बदलून घेतले असतील." त्यानंतर फोन ब्लॉक.

पोलीस चौकीत चार खेपा झाल्या. पहिल्या खेपेला साहेब बंदोबस्तावर. दुसऱ्या खेपेला "दिवाणी मॅटर आहे, कोर्टात जा." तिसऱ्या खेपेला एक हवालदार अर्ज वाचून हसला. "इंजिनात फेरफार केले म्हणता? आरटीओची परवानगी होती का? तुमच्यावरच केस करू?" गाडीतल्या फेरफारांबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मलाही माहीत आहे, त्यावरचा २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा निकालही माहीत आहे. पण फेरफार झालेच नाहीत, हीच तर माझी तक्रार आहे ना! चोराने जे केलंच नाही त्याचा गुन्हा माझ्या नावावर? चौथ्या खेपेला अर्जाची पोच मिळाली, शिक्का अर्धाच उमटलेला. आरटीओत तीन खिडक्या फिरलो, तिसरीवर जेवणाची सुट्टी. गॅरेजवाल्यांवर आमचं नियंत्रण नाही म्हणे. मग कोणाचं आहे?

ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, तेव्हा लाजेपायी बसून राहू नका. वकील म्हणतो, रोखीचे ८०,००० विसरा.

आणि जुने पार्ट परत मागाल तर गाडी देण्याआधी त्यांवर पंचने खूण करून ठेवा. मला मोठ्या दिलदारपणे एक जुना टर्बो पिशवीत घालून दिला होता. तो कोणाच्या गाडीचा, देव जाणे.

काल गॅरेजवाल्याच्या मेहुण्याच्या व्हॉट्सअॅप स्टेटसला नवा फोटो होता, त्याने मला अजून ब्लॉक केलेलं नाही. चंदेरी ऑक्टाव्हिया, लाल कॅलिपर, खाली "बिग ब्रेक डन". चाकं १५ इंची दिसतात. गाडी तुमची असेल तर आजच टेप लावून बघा.