चेस इंजिन निवडायचंय: घरची मॅच बघू की रेटिंग लिस्ट?

लालबागला मावसभावाकडे गेलो तर लॅपटॉप खिडकीत, त्याच्यावर टेबलफॅन सोडलेला आणि दोन चेस इंजिनं (बुद्धिबळ खेळणारे प्रोग्राम) एकमेकांशी खेळतायत, गेमला २ मिनिटं, वर दर चालीला १ सेकंद. रात्री नऊला लावलेले १०० गेम सकाळी सातला संपले, पहिल्याने ३० जिंकले, २० हरले, ५० ड्रॉ. म्हणतो, "दादा ठरलं, हे ३५ रेटिंगने भारी आहे, हेच ठेवतो."

३५ चा हिशोब बरोबरच आहे (ड्रॉचा अर्धा गुण धरून ५५ टक्के स्कोअर, म्हणजे रेटिंगमध्ये, ताकदीच्या आकड्यात, तेवढाच फरक येतो) पण १०० गेमवर ९५ टक्के खात्रीने बोलायचं तर मागेपुढे ४८ धरावे लागतात, म्हणजे खरा फरक उणे १३ पासून अधिक ८३ पर्यंत कुठेही, शून्यसुद्धा त्यातच आलं. इथे शितावरून भाताची परीक्षा होत नाही. गेम चौपट केले की चूक निम्मी होते, ४०० गेमलाही हेच प्रमाण टिकलं तर ३५ च्या मागेपुढे २४, मग भारी म्हण.

आणि हे सगळं गेम वेगवेगळे असतील तर! आम्ही फाईल उघडली तर सातवा आणि एकतिसावा गेम शेवटपर्यंत चाल न् चाल सारखा, कारण ओपनिंग बुक (सुरुवातीच्या तयार चालींची यादी) लावलंच नव्हतं. मग ते १०० गेम कसले?

सीसीआरएलसारख्या, इंजिनांना आपसांत खेळवून रेटिंग देणाऱ्या लिस्टमध्ये एकेक इंजिन भरपूर वेगवेगळ्या इंजिनांशी खेळलेलं असतं, गेम किती झाले ते आणि चुकीची मर्यादा रेटिंगच्या शेजारीच दिलेली असते, ती वाचल्याशिवाय रेटिंग वाचू नका. दोघांच्या मर्यादा एकमेकांत घुसत असतील तर वरखाली नंबरला फार अर्थ नाही. ब्लिट्झ (झटपट गेमच्या) लिस्टमधला आकडा ४० चालींना १५ मिनिटं देणाऱ्या लिस्टमधून वजा करायचा नाही, पावसाळ्यातल्या कांगा क्रिकेट लीगच्या ओल्या पिचवरचे ५० रन आणि कोरड्या पिचवरचे ५० आपण एक धरतो का? तसंच ३६०० रेटिंगचं इंजिन आणि २०१४ चा २८८२ वाला बुद्धिबळपटू कार्लसन, दोघांचे प्रतिस्पर्धी वेगळे त्यामुळे त्या वजाबाकीतूनही काही निघत नाही.

नुसतं ॲनालिसिससाठी इंजिन हवं असेल तर मी लिस्टच बघेन, कारण एकाच प्रतिस्पर्ध्याला बरोबर पकडणारं इंजिन बाकीच्यांसमोर साधं निघू शकतं. स्वतः कोड बदलून जुनं-नवं तपासायचं असेल तर मात्र घरची मॅचच हवी, तुमचं व्हर्जन लिस्टमध्ये असणारच नाही. फक्त प्रत्येक ओपनिंग दोन्ही रंगांनी खेळवा.

भावाने आज बुक लावून परत सुरू केलंय, चार रात्री चालेल.