फुकट ते पौष्टिक? इटालियन रेस्टॉरंट चेनमधले माझे आठ महिने

कमी वाढण्याचे जास्त पैसे घेतले, म्हणून हे लिहायला बसलो. गेल्या शुक्रवारी सॅलड मागवताना नेहमीप्रमाणे सांगितलं, ड्रेसिंग वर घालू नका, वाटीत वेगळं द्या. बिलात ओळ आली: ‘एक्स्ट्रा ड्रेसिंग’. म्हटलं, एक्स्ट्रा कुठलं? आहे तेच बाजूला ठेवलंत ना? मॅनेजर म्हणाले, सिस्टीममध्ये वाटी म्हणजे एक्स्ट्राच. दहा मिनिटं हुज्जत घातली, पैसे काही कमी झाले नाहीत.

तरी वाटीचा हट्ट सोडणार नाही. ऑलिव्ह ऑइलच्या एका टेबलस्पूनमध्ये साधारण 120 कॅलरी असतात. तेल कितीही गुणाचं असो, 1 ग्रॅम फॅटच्या 9 कॅलरी होणारच. किचनमधून कालवून आलेल्या सॅलडमध्ये किती चमचे गेलेत ते कळत नाही. बाउलच्या तळाशी तळं दिसतं तेव्हा बरंचसं पोटात गेलेलं असतं. वाटी असली की काटा आधी ड्रेसिंगमध्ये टेकवायचा, मग पानं टोचायची. प्रत्येक घासाला चव लागते आणि पाऊण वाटी उरते. सोबतच्यांना माझी लाज वाटते. वाटू दे.

पहिले तीन महिने मात्र गाढवपणा माझाच. ब्रेडस्टिक्स अनलिमिटेड, त्यामुळे पैसे वसूल करायच्या नादात चार-चार हाणायचो. वर पास्त्याच्या नावासमोरचा कॅलरीचा आकडा बघून खूश, की आज बेतानं जेवलो. तो आकडा त्या प्लेटचा. टोपली त्यात धरलेलीच नसते. शिवाय ब्रेडवर बटर आणि लसणाचं मीठ फासलेलं. आता एक उचलतो आणि टोपली टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला सरकवतो.

चौथ्या महिन्यात हा रिव्ह्यू लिहिला असता तर मिनेस्ट्रोनी सूपला पाच तारे दिले असते. भाज्या, बीन्स, कॅलरी कमी, आणखी काय हवं? मग न्यूट्रिशन शीट मागितली. (अमेरिकेत 20 किंवा अधिक शाखांच्या चेनना 2018 पासून मेन्यूवर कॅलरी छापाव्या लागतात, आणि सोडियमसकट बाकीची माहिती मागितल्यावर लेखी द्यावी लागते. माझ्या चेनकडेही शीट होती, फक्त ती शोधायला दोघे जण आत गेले.) जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 2000 मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम सांगते, म्हणजे जेमतेम 5 ग्रॅम मीठ. मी रिफिल घेऊन दोन बाउल प्यायचो, त्यातच निम्म्याहून जास्त कोटा संपत होता. दोन तारे कापले. सूप अजून घेतो, रिफिल बंद. मीठ काही वाटीत वेगळं मागता येत नाही.

वांग्याचं पार्मिजाना भाजी समजून मागवू नका. वांगं तळताना तेल पितं, वर चीजचा थर.

पास्त्याबद्दल मात्र मत बदललं. तो उगाच बदनाम आहे. 100 ग्रॅम कोरड्या पास्त्यात साधारण 350 कॅलरी, त्यात दचकण्यासारखं काही नाही. खरा खेळ सॉसचा आणि प्लेटच्या आकाराचा. रोममधल्या मूळच्या आल्फ्रेडो सॉसमध्ये नुसतं बटर आणि पार्मेझान चीज होतं. चेनमधल्या आल्फ्रेडोत वरून क्रीमही ओततात. मी मरिनारावर आलो: टोमॅटो, लसूण, थोडं तेल. सोबत ग्रिल केलेलं चिकन. आणि प्लेट टेबलावर आली की लगेच अर्धी पार्सलच्या डब्यात भरतो. जेवण झाल्यावर भरू म्हटलं की डब्यात भरायला काही उरत नाही. यात तब्येतीची काळजी किती आणि एका बिलात दोन जेवणं उरकायचा चिक्कूपणा किती, ते विचारू नका. आठ महिने टिकलेली सवय एवढी एकच.

शुक्रवारी परत जाणार आहे. या वेळी घरून झाकणाची छोटी डबी नेतोय, ड्रेसिंग तिच्यातच ओता म्हणणार. सिस्टीम तिला काय म्हणते बघू.